क्लासिक धाटणीची मोटरसायकल ठाणे-नवी मुंबईत सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंतच्या गाडीवाल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी आणि क्रोम असलेल्या गाड्या इकडे किलोमीटरने झिजतात त्यापेक्षा जास्त पाण्याने, खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने आणि उभ्या राहून खराब होतात. म्हणून पुढे किलोमीटरबरोबर महिनेही दिले आहेत. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा.

1. माझी गाडी नक्की कोणत्या पिढीची आहे आणि त्याने काय फरक पडतो?

फरक खूप पडतो, कारण एकाच रूपाच्या गाड्यांच्या पोटात वेगवेगळी इंजिनं आहेत. रॉयल एनफिल्डमध्ये ढोबळमानाने तीन पिढ्या दिसतात. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, नटबोल्टने जोडलेला असेल तर ते बहुधा जुनं कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाचं) इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये, सोबत किक, आणि गाडी साधारण 2009 ते 2023 मधली असेल तर यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन. 2020 च्या मीटिअरपासून आणि 2021 च्या क्लासिकपासून आलेलं 349 सीसीचं इंजिन जे-सिरीजचं, त्याला किक नाही.

कास्ट आयर्नचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हाताने सेट करावे लागतात. यूसीईचे हायड्रॉलिक आहेत, त्यांना हात लावायचा नाही. जे-सिरीजचे ठरलेल्या सर्व्हिसला तपासायचे. 350 यूसीईला 2020 मध्ये बीएस6 हे प्रदूषणाचे नियम येईपर्यंत कार्ब्युरेटर होता, त्यानंतर फ्युएल इंजेक्शन आलं.

होंडा सीबी350 एअर-कूल्ड आहे. 2018 नंतरच्या जावा आणि ट्रायम्फ स्पीड 400 लिक्विड-कूल्ड आहेत, म्हणजे त्यांचं कूलंट बघणं आलं. म्हैसूरला 1996 पर्यंत बनलेल्या जुन्या जावा-येझदी टू-स्ट्रोक आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न 16 पाहा.

2. नव्या गाडीचा आवाज जुन्या बुलेटसारखा का नाही? काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. जुन्या 346 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिलिमीटर होता. नव्याचा 72 आणि 85.8 आहे. शिवाय नव्यात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हादरे कमी झाले. आवाजाच्या नियमांमुळे सायलेन्सरही बदलला. 80 च्या वेगाने तासभर गेल्यावरही हात बधिर होत नाहीत, हा त्याचा फायदा. आवाजासाठी सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर आधी प्रश्न 12 वाचा.

3. सर्व्हिस आणि ऑइल किती किलोमीटरला? कोणतं ऑइल?

मॅन्युअलमधलं वेळापत्रक हा पाया. पण ते मोकळ्या रस्त्याचा विचार करून लिहिलेलं असतं. तीन हात नाका ते कासारवडवली रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणारी गाडी मीटरवर कमी आणि प्रत्यक्षात जास्त चालते. एअर-कूल्ड 350 साठी आमचा सल्ला असा, की मॅन्युअल 10,000 किलोमीटर सांगत असलं तरी ऑइल आणि फिल्टर 5,000 ते 6,000 ला बदलावं. चालवणं कमी असेल तर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर.

यूसीई आणि जे-सिरीज एनफिल्डला ग्रेड 15डब्ल्यू50, बाकीच्यांना मॅन्युअलमधला, आणि डब्यावर जासो एमए2 (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) असायलाच हवं. कारचं ऑइल घालू नका. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच प्लेट घसरायला लागतात.

पातळी बघताना गाडी गरम करून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मेन स्टँडवर सरळ उभी असताना गोल काचेतून बघा. साइड स्टँडवर कलती असताना पातळी चुकीची दिसते आणि लोक विनाकारण जास्त ओततात. जास्त ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर ओला होतो आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार येते.

एअर फिल्टर कागदी असतो, तो धुवायचा नसतो. मेट्रो आणि इमारतींची कामं चालू असलेल्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. दर 3,000 किलोमीटरला उघडून आतून बाहेर हवा मारा आणि काळवंडला असेल तर बदला.

4. ऑइलच्या झाकणाखाली पांढरं, लोण्यासारखं काहीतरी जमलंय. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधलं सील) गेली का?

एअर-कूल्ड गाडीत कूलंटच नाही, तर गॅस्केट गेली म्हणून पाणी येणार कुठून? ही वाफ आहे. सानपाड्याहून वाशीला जाऊन यायचं, तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. आतली आर्द्रता उडून न जाता ऑइलमध्ये घोटली जाते आणि झाकणाखाली साय धरते. सायलेन्सर आतून गंजतो तोही ह्याच कारणाने.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी सलग 20 ते 25 किलोमीटर चालवा, पाम बीच रोडवरून बेलापूरपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. साय पुसून काढा. तरीही परत आली आणि काचेतून सगळं ऑइलच दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलंय. मग प्रश्न 8 प्रमाणे करा. लिक्विड-कूल्ड गाडीत मात्र साय दिसली आणि कूलंटही कमी होत असेल, तर गॅस्केट किंवा पंपाच्या सीलचा संशय घ्या.

5. चेन किती वेळा साफ करायची आणि किती सैल ठेवायची?

कोरड्या दिवसांत दर 500 किलोमीटरला, पावसात 250 ते 300 ला. रॉकेल किंवा डिझेल आणि मऊ ब्रश वापरा. ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, रबरी रिंगा फाटतात. पुसून कोरडी केल्यावर चेन ल्यूब किंवा ईपी90 गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. लावल्यावर निदान अर्धा तास गाडी काढू नका.

खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वर-खाली हलवून बघा. 25 ते 30 मिलिमीटर खेळ असेल तर बहुतेक गाड्यांना ठीक, नेमका आकडा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. एकाच ठिकाणी मोजू नका. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे सर्वात ताठ आहे तिथे ॲडजस्ट करा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. एका ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबती अशी अवस्था असेल तर चेन संपली. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) असा पूर्ण सेट बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती लवकर खराब होते.

6. क्रोम आणि स्पोकवर गंज येतो. नेरूळला खाडीजवळ राहतो, काय करू?

क्रोमचा थर फार पातळ असतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. खारा ओलावा त्यातून खालच्या लोखंडापर्यंत पोहोचतो. म्हणून तपकिरी ठिपके उठतात. ठिपका दिसल्याबरोबर मेटल पॉलिश आणि मऊ कापडाने काढा. भांडी घासायची तारेची घासणी लावलीत तर गंजाबरोबर क्रोमही जाईल. नंतर कारचं मेणाचं पॉलिश लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि दर महिन्याला एकदा. सायलेन्सर गरम असताना लावू नका, डाग पडतात.

स्पोकचा गंज सुरू होतो तो निपलपाशी, म्हणजे तार रिमला मिळते तिथे. जुन्या टूथब्रशने ती जागा साफ करून तिथे पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. टायर आणि डिस्कवर तेल जाऊ देऊ नका. चाक अधांतरी फिरवत प्रत्येक स्पोकवर लहान पान्याने टिचकी मारा. ताणलेला खणखणीत वाजतो, सैल झालेला बोदा. दोन-तीन बोदे निघाले तर चाक वाकडं फिरायला लागण्याआधी ट्रूइंग करून (स्पोक ताणून चाक सरळ करून) घ्या.

बोअरिंगच्या पाण्याने धुतलं तर लगेच पुसा, नाहीतर क्रोमवर क्षाराचे पांढरे डाग बसतात. प्रेशर जेट हबच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या गळ्यावर, स्विचवर आणि चेनवर मारू देऊ नका. आणि प्लॅस्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर टाकू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली घाम धरून गंजलेल्या गाड्या आम्ही उघड्यावर गंजलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत. कापडी, हवा खेळती राहील असं कव्हर घ्या.

7. पावसाळ्याआधी नेमकं काय काय करून घ्यायचं?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जून लागायच्या आत. टायरची नक्षी बघा, मधल्या खुणेपर्यंत झिजली असेल तर बदला. ब्रेक पॅड तपासा आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर डॉट 4 नवीन भरा, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ब्रेक स्पंजसारखा लागायला लागतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये तेल सोडा. बॅटरीच्या टर्मिनलला आणि हेडलाइटमधल्या कपलरना पेट्रोलियम जेली लावा. स्पार्क प्लगच्या रबरी टोपीला चीर असेल तर टोपी बदला, पावसात गाडी मिसिंग करते त्यातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच सुटतात.

एक गोष्ट सगळे विसरतात. ज्या टाक्यांचं झाकण पृष्ठभागाला सपाट बसतं, त्यांच्या झाकणाच्या खोबणीत पाणी निचरायला एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की खोबणीत पाणी साठतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. पातळ नायलॉनची दोरी घालून ते मोकळं करा आणि वरून थोडं पाणी ओतून खालच्या नळीतून बाहेर येतंय का बघा.

8. पाण्यात गाडी बंद पडली. काय करायचं?

स्टार्ट करू नका. धक्का मारून तर अजिबात नाही. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सायलेन्सरच्या तोंडाशी पाणी असण्यापेक्षा हवा ओढायच्या तोंडाशी पाणी असणं जास्त घातक.

चावी बंद करा, गाडी ढकलून उंचावर न्या आणि फोटो काढून विमा कंपनीला कळवा. पाणी गेल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्ट केल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा नाकारलं जातं. मग क्रमाने असं करा: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्पार्क प्लग काढा. किक असेल तर हळू किक मारा, नसेल तर वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. एअर बॉक्स उघडून पुसा आणि फिल्टर बदला. कार्ब्युरेटर असेल तर बाउलचा (त्याच्या तळाच्या वाटीचा) स्क्रू सोडून तळाचं पाणी काढा. ऑइल पूर्ण काढा. दुधाळ असेल तर नवीन ऑइल भरून दहा मिनिटं आयडलला चालवा, तेही काढा आणि मग नवीन फिल्टरसह पुन्हा भरा. पहिलं भरलेलं ऑइल स्वस्तातलं चालेल, पण एमए2च.

इंजिन वाचलं म्हणून थांबू नका. हबचे बेअरिंग, मागचा ड्रम आणि स्टिअरिंगचा बॉल रेसर त्याच आठवड्यात उघडून ग्रीस करा. हा खर्च टाळला की दिवाळीत हँडल अडकायला लागतं.

9. रोजच्या ट्रॅफिकमध्ये पाय भाजतात आणि क्लच जड होतो. काय चुकतं?

थोडी उष्णता स्वाभाविक आहे, एअर-कूल्ड इंजिनाला थंड व्हायला चालती हवा लागते. माजिवड्याच्या सिग्नलला मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. पण हाफ क्लचवर गाडी रांगवत नेणं ही चूक. न्यूट्रलमध्ये थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की निघा. लिव्हरच्या टोकाशी क्लच केबलला 2 ते 3 मिलिमीटर मोकळा खेळ हवा. खेळ नसेल तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. केबलची एकही तार तुटलेली दिसली तर त्याच दिवशी बदला.

10. गाडी महिनाभर उभी राहणार आहे. बॅटरीचं आणि पेट्रोलचं काय?

टाकी भरून ठेवा, रिकाम्या भागात ओलावा धरून आतून गंज चढतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून बाउल रिकामा करा. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा आणि गाडी मेन स्टँडवर लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या खाली गेली तर लगेच चार्ज करा. गाडी चालू असताना मीटर साधारण 13.8 ते 14.5 दाखवत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवीन बॅटरी घेऊन उपयोग नाही.

आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटं सुरू ठेवायची सवय मोडा. त्याने बॅटरी भरत नाही आणि प्रश्न 4 मधली साय मात्र जमते.

11. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुन्या गाडीला काय होतं?

एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांची रबरं आणि नळ्या ई20 साठीच बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांत दोन गोष्टी सांभाळा. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, तिथून गंज सुरू होतो. दुसरं म्हणजे जुनी पेट्रोल नळी आणि फ्लोटची रबरं कडक होऊन तडकतात. नळी दर दोन वर्षांनी इथेनॉल चालणारी टाका आणि नळीत बारीक फिल्टर बसवा. मिश्रण किंचित लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लगचं टोक पांढरट दिसलं आणि गाडी जास्त तापत असेल तर कार्ब्युरेटर ट्यून करून घ्या. मायलेज थोडं कमी होणं स्वाभाविक आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते.

12. आफ्टरमार्केट सायलेन्सर, फटाके फुटणारा पाइप, रंग बदलणं: काय चालतं?

175 सीसीवरच्या मोटरसायकलसाठी आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे. ती मोडणाऱ्यावर मोटर वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि सायलेन्सर जप्त होतो. शिवाय आतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलं तर बीएस6 गाडी पीयूसीत अडकते. लहान मुलं आणि आजारी माणसं असलेल्या सोसायटीत रात्री अकराला ती गाडी सुरू करणं आम्हाला अजिबात पटत नाही.

रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आरसे, सीट, लेगगार्ड, कॅरिअर याला अडचण नसते, मात्र नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत.

13. ट्यूबचं पंक्चर काढताना दरवेळी नवीन पंक्चर होतं. का?

स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि पान्याने टायर चढवताना ती चिमटते. टायरवाल्याला ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच टायर चढवायला सांगा आणि शेवटची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला नको, व्हॉल्व्हपाशी यायला हवी. रिमच्या आतली रबरी पट्टी फाटली असेल तर स्पोकची टोकं ट्यूबला घासतात, ती बदला. ॲलॉयचं चाक असलेल्या प्रकारात टायर ट्यूबलेस असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास असेल तर आमची पसंती ॲलॉयलाच.

14. अटल सेतू आणि एक्स्प्रेसवेवर नेता येते का?

नाही. अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, इंजिन कितीही सीसीचं असो. मुंबईत जायला वाशीचा खाडी पूल किंवा ऐरोली पूल, पुण्याला पनवेल-खोपोलीवरून जुना हायवे. खंडाळ्याचा घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. मागचा ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून लागेनासा होतो.

15. गाडीला 15 वर्षं होत आली. ठाण्याची पासिंग आहे, राहतो नवी मुंबईत. पुढे काय?

आरसीची मुदत 15 वर्षांची असते. संपायच्या आधी साठ दिवसांत फॉर्म 25 भरून नूतनीकरण करता येतं आणि ते पाच वर्षांचं मिळतं. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, विमा आणि पीयूसी चालू लागतात आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जायच्या आधी चासी नंबरवरचा गंज आणि रंग हलक्या हाताने साफ करा. नंबर वाचता आला नाही की काम तिथेच थांबतं.

एमएच 04 ची गाडी एमएच 43 किंवा एमएच 46 मध्ये न्यायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म 28, लागते का ते आधी आरटीओत विचारून घ्या. जुनी गाडी विकत घेताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होण्याआधी तीन गोष्टी ताडून बघा: इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का, कर्जाची नोंद उतरली आहे का, आणि दंडाची जुनी चलनं बाकी आहेत का. 1 एप्रिल 2019 आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) बसवलेली असायला हवी.

16. वडिलांची जुनी जावा आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल किती मिसळायचं?

एका लिटर पेट्रोलला 40 मिली 2टी ऑइल, म्हणजे 1:25. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल हलवून मिसळा, मग टाकीत ओता. नुसतं वरून ओतलं तर ते तळाशी कॉकपाशी जमतं. सुरू झाल्यावर दहा मिनिटांनीही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय.

17. कास्ट आयर्न बुलेट किकने उलटा फटका मारते. कशी सुरू करायची?

चावी लावा आणि ॲमीटरची सुई बघत किक हळू दाबा. सुई डावीकडून मध्यावर आली आणि किक कडक लागली की थांबा. डिकॉम्प्रेशर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लहान लिव्हर) ओढून किक जेमतेम दोन बोटं पुढे न्या, डिकॉम्प्रेशर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग शेवटपर्यंत एकच पूर्ण किक मारा. अर्धवट किक हेच उलट्या फटक्याचं मुख्य कारण. तरीही मारत असेल तर टायमिंग ॲडव्हान्स झालंय, म्हणजे ठिणगी लवकर पडतेय. इग्निशनच्या पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवून टायमिंग परत लावा. टॅपेट थंड इंजिनावर: पुश रॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

18. 50 वर्षांहून जुनी गाडी आहे. ‘व्हिंटेज’ नोंदणी करावी का?

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण ही नोंदणी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. रविवारी येऊरच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारायची असेल, भाजी आणायची असेल, तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. साधी आरसी चालू ठेवून प्रश्न 15 प्रमाणे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा.